फक्कीचं घर

हे मी आजवर पूर्ण कुणालाच सांगितलेलं नाही. एक तुकडा सांगितला, एकदाच, दोन वाक्यांत. उरलेला मोठा भाग माझ्यापाशीच आहे — आणि तो तुमच्यासमोर मांडायचा म्हणून आज बसले आहे.

आधी नोंद करायची आणि मग बोलायचं, अशी माझी सवय आहे. तर नोंद अशी. दिवस: दिवाळीनंतरचा दुसरा गुरुवार, सकाळी. चौदा वर्षं झाली. रक्कम: पाचशे रुपये, एकच नोट. हजर: दोघं. मी आणि रामजीमामा.

यातली हजेरी चुकलेली आहे. पण ती चूक मला फार उशिरा कळली, तेव्हा तुम्हालाही त्याच क्रमानं कळू द्या.

रामजीमामा आमच्या सासरच्या गावचे पाणाडे. औंढ्याहून शिरड शहापूरकडं जाताना डोंगराची एक बुटकी रांग लागते, तिच्या पायथ्याला आमचं गाव. विहीर खोदायची, बोअर घ्यायचा, घराचा पाया काढायचा, की आधी मामांना बोलवायचं. ते चपला काढून ठेवायचे, तळहातावर नारळ आडवा ठेवायचे आणि जमीन चालायला लागायचे. खाली पाणी असलं की नारळ हातावरच उभा राहायचा, शेंडी वर करून. मग तो तिथंच फोडायचा. आणि त्या जागी खरंच पाणी लागलं, तर मालकानं मामांच्या घरी जाऊन नारळ, टोपी आणि उपरणं द्यायचं. त्याला पाण्याचा मान म्हणतात.

तुम्ही यावर विश्वास ठेवाल, न ठेवाल. माझा नव्हता. सरांचा होता.

सर म्हणजे माझे पती. औंढ्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. अख्खं गाव त्यांना सर म्हणतं, म्हणून मीही सरच म्हणते. ते मला लेखापालबाई म्हणतात. हिंगोलीतल्या एका पतसंस्थेत मी लेखापाल होते — आणि घरातही तीच होते, असं त्यांचं म्हणणं.

वाटणीत थोरल्या दिरांना खालची काळी जमीन गेली आणि सरांच्या वाट्याला डोंगराच्या अंगावरचा सव्वा एकराचा तुकडा आला. मुरूम, दगड, सीताफळीची झुडपं, आणि पूर्वेच्या कोपऱ्यात एक उंबर. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, भाऊजीला चित्र काढायला डोंगर दिला. सर हसले. आणि त्यांनी खरंच तेच केलं — त्या तुकड्यावर एक घर काढलं.

वर्षभर काढत होते. लोक घराचा नकाशा करतात तेव्हा खोल्या वाढवत नेतात. सर कमी करत गेले. आधी चार खोल्या होत्या, मग तीन झाल्या, मग दिवाणखाना गेला, मग देवघर भिंतीतल्या कोनाड्यात गेलं. शेवटी उरली एक खोली, अठरा फूट लांब, बारा रुंद. एका टोकाला चूल आणि मोरी, बाहेर ओटा. भिंती त्याच जमिनीतून निघालेल्या काळ्या दगडाच्या, दोन फूट जाडीच्या, बाहेरून गिलावा नाही, रंग नाही. छपराचा उतार डोंगराच्या उताराएवढाच. लांबून बघणाऱ्याला इथं घर आहे हे धूर निघाल्यावरच कळावं, असं ते म्हणायचे. जमीन सपाट करायला डोंगर कापायचा नाही, म्हणून खोलीची फरशीच दोन पातळ्यांवर, मध्ये एक पायरी. त्या पायरीवर बसायचं. वेगळी खुर्ची कशाला?

आणि खिडकी एकच. पूर्वेला, आठ फूट लांब, पण इतकी खाली की जमिनीवर बसलं तरच दरी दिसावी. उभं राहिलं की समोर नुसती भिंत. घाईत असलेल्या माणसाला काही दिसू नये, हा त्यांचा हिशोब.

भांड्यांसाठी त्यांनी एक फळी ठेवली होती. एक! लग्नापासून मी जमवलेली, नावं घातलेली भांडी, शोकेस, सोफा, माझ्या दोन गोदरेज — ह्याचं काय, असं मी विचारलं. ते म्हणाले, "डोंगरानं एवढं मांडून ठेवलंय, लेखापालबाई. आपण आणखी काय मांडायचं?"

खर्चाचा अंदाज त्यांनी मलाच काढायला दिला. मी काढला. तीनदा काढला. हिंगोलीत प्लॉट घेऊन दुमजली बांधायला जे लागणार होतं, त्याच्या निम्म्यातही हे घर उभं राहत होतं. आकडा माझ्या बाजूला नव्हता. तुम्हाला वाटेल, बाईनं आकडा फुगवला असता तर? — नाही. ते मला जमलं नसतं. इतक्या वर्षांत मी एक रुपया इकडचा तिकडं केला नव्हता, आणि त्याचा मला गर्व होता. खोटा आकडा मांडायला माझा हात वळला नसता. म्हणून मी दुसऱ्याला खोटं बोलायला लावलं.

का? हा प्रश्न मी स्वतःला विचारते आणि दर वेळी एकच उत्तर आधी येतं. माझं माहेर सेनगाव तालुक्यातल्या एका उंचावरच्या वस्तीवर. खालच्या झऱ्यावरून आई डोक्यावर दोन घागरी घेऊन चढायची, मी मागून एक कळशी घेऊन. पुन्हा कधी चढावर राहायचं नाही, असं मी तेव्हाच ठरवलं होतं. ऐकायला किती बरं वाटतं, नाही? मी हे उत्तर पुष्कळ वर्षं वापरलं. ते खरं आहे — पण ते कारण नव्हतं.

कारण असं होतं की मला लाज वाटत होती. पतसंस्थेतल्या बायका घरं बांधत होत्या. कुणाच्या हॉलला पीओपी, कुणाच्या जिन्याला स्टीलचं रेलिंग. माझ्या बहिणीनं सरांचा कागद बघितला आणि म्हणाली, "सालदाराला शेतात बांधून देतेत तसली खोली हाय की ही. तू राहणार व्हय हिच्यात?" मी तिच्यासोबत हसले. ते घर मी मोडलं त्याची पहिली वेळ तीच म्हणायला हवी.

सरांनी एकच अट घातली होती, सगळ्यांच्या देखत. पाणी असलं तरच घर. नसलं तर टँकर चढवायला रस्ता कापावा लागेल, आणि डोंगराला तेवढी तकलीफ द्यायची नाही. पाणी आहे की नाही ते रामजीमामा सांगतील. मामा नाही म्हणाले, की विषय संपला. इतकं सोपं करून त्यांनी माझ्या हातात दिलं — मला दिलं हे त्यांना ठाऊक नव्हतं, एवढंच.

मामा येणार होते रविवारी. मी गुरुवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. औंढ्यापर्यंत एसटी, पुढं जीप. मामा ओसरीत बसून दावं वळत होते. मी सरळ सांगितलं, मला फिरवून बोलता येत नाही. रविवारी नाही म्हणा. त्यांनी दावं थांबवलं. मग म्हणाले, "नारळ उभा राहिला तर म्या त्याला आडवा कसा करू, बाई?"

याचा विचार मी एसटीतच करून ठेवला होता. उंबराच्या मुळाशी पाणी असतं हे आमच्याकडं पोरासोरालाही माहीत. मी म्हणाले, जिथं उभा राहील तिथं जाऊच नका. उंबर सोडून बाकीचा तुकडा चाला. मग तुम्ही खोटं बोलणार नाही, नारळही नाही.

त्यांनी विचारलं, सरांना ठाऊक हाय का? मी नोट घडी करून पाण्याच्या तांब्याखाली ठेवली. मी होते तोवर त्यांनी तिला हात लावला नाही. आत चुलीचा धूर होता आणि भाकरी थापल्याचा आवाज येत होता. मी उठले. चपला घालताना तो आवाज थांबलेला होता, हे मला आज आठवतं. त्या दिवशी मी तो मोजला नाही. भाकरी थापणारी बाई हजेरीत धरायची असते, हे मला सुचलं नाही.

इथवर सांगायला फारसं जड गेलं नाही. लाच दिली, खोटं बोलवलं — ह्याला नाव आहे. ज्याला नाव नाही ते पुढं आहे.

शनिवारी दुपारी सर म्हणाले, चला, तुम्हाला घर दाखवतो. आम्ही दोघं डोंगरावर गेलो. त्यांनी फक्कीची पिशवी आणली होती — मैदानावर रेघा मारतात ती पांढरी पूड. दोऱ्या धरून, खुंट्या ठोकून त्यांनी जमिनीवर ते घर मारलं. अठरा बाय बारा. भिंतींच्या दुहेरी रेघा, दोन फुटांचं अंतर ठेवून. दाराची जागा मोकळी. खिडकीच्या जागी बारीक एकेरी रेघ. दोरीचं एक टोक मी धरलं होतं. कोपरा काटकोनात आला की नाही ते मीच तपासलं, तीन-चार-पाचच्या मापानं. आला होता.

मी थेट आत निघाले तर म्हणाले, "भिंतीतून नका येऊ, लेखापालबाई. दार इकडं हाये."

मी वळसा घातला. हसले नाही, खरंच वळसा घातला. दारातून आत गेले. चुलीची जागा बघितली. मधल्या पायरीच्या रेघेवरून खाली उतरले आणि खिडकीशी जमिनीवर बसले. थर्मासमधला चहा आणि भाकरी-ठेचा आणला होता, तो आम्ही तिथं खाल्ला. पाठीमागं सूर्य खाली जात होता आणि डोंगराची सावली समोरच्या रानात उतरत होती. एकेक वावर झाकत चालली होती. तुरीचं झालं, मग कापसाचं, मग नुसतं नांगरलेलं. लांब शिरडच्या सडकेवर काडेपेटीएवढी एसटी उन्हात होती. मग सावलीनं तिलाही गाठलं. मला कसलीच घाई वाटली नाही. काय बाकी राहिलंय, काय करायचंय, उद्याचा डबा, सोमवारचा ताळमेळ — डोक्यात काही नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी काही मोजत नव्हते.

आणि मला ते घर हवंसं वाटलं.

कसं सांगू तुम्हाला? सरांसाठी नाही. मला हवं झालं. जन्मभर मी खोल्या भरत आले आणि मला पाहिजे होती ती ही — आत काही नसलेली, एका बाजूनं उघडी. आपल्याला काय हवं आहे हे माणसाला इतक्या उशिरा कळावं, आणि तेही आपणच त्याच्यावर पाणी सोडल्यावर दोन दिवसांनी?

मामांचं घर खाली दहा मिनिटांवर होतं. त्यांच्या ओसरीतला दिवा मला वरून दिसत होता. सर दोऱ्या गुंडाळत होते तेव्हा मी खाली उतरून जाऊ शकत होते. मामा, माझं ते विसरा, एवढंच म्हणायचं होतं. मी गेले नाही. का, तर नोट परत मागताना मामा माझ्याकडं कसं बघतील, ह्या भीतीनं. एवढ्याशा भीतीनं. जातानाही मी दारातून बाहेर पडले, रेघ मोडू दिली नाही.

रविवारी मामा आले. थोरले दीर, जाऊबाई, त्यांचा गजानन, शेजारचे दोघं-तिघं जमले होते. मामांनी चपला काढल्या, नारळ हातावर घेतला. उंबर सोडून सगळा तुकडा चालले, वरून खाली, खालून वर. फक्कीच्या घरातून मात्र गेले नाहीत, कडेनं गेले. नारळ आडवाच. शेवटी त्यांनी मान हलवली आणि नारळ पिशवीत टाकायला लागले.

"मामा," सर म्हणाले, "त्या उंबराकडं न्हाई गेलात."

मामांनी वर बघितलं — सरांकडं नाही, माझ्याकडं. "तिकडं समदा खडक हाय, सर. न्हाई तिकडं."

सरांना कुठलीही गोष्ट माझ्याकडून पडताळून घ्यायची सवय. ते वळले. "लेखापालबाई, काय म्हणता?"

मामा माझ्याकडं बघत होते. आता मला वाटतं, ते मला संधी देत होते. नुसतं ‘एकदा बघून तर या’ म्हणायचं होतं, आणि नारळानं त्याचं काम केलं असतं. लाच कुणाला कळलीही नसती. मला ते घर हवं होतं, ते मिळवायचा रस्ता समोर होता, तो रस्ता फुकट होता — आणि मी म्हणाले, "मामांना बराबर कळतं."

हाच तो गुन्हा. गुरुवारचा नव्हे, रविवारचा. गुरुवारी मी सरांचं घर मोडलं. रविवारी माझं स्वतःचं, आणि तेही नुसतं आपण बदललो हे दिसू नये म्हणून.

सरांनी वाद घातला नाही. अट त्यांचीच होती. कागद गुंडाळून शाळेच्या कपाटावर टाकला तो कायमचा. संक्रांतीला आम्ही गावी गेलो तेव्हा मी एकटी वर जाऊन आले. वाऱ्यानं, दवानं तीन भिंती गेल्या होत्या. खिडकीची रेघ तेवढी पुसट उरली होती.

हिंगोलीत दुमजली झालं. हॉलला पीओपी झालं, जिन्याला रेलिंग झालं. बहीण खूश झाली. वास्तुशांतीला मामा आले, आम्ही बोलावलं नव्हतं तरी. जेवले आणि जाताना माझ्या हातात आहेराचं पाकीट ठेवलं. आत पाचशेची नोट आणि वर एक रुपयाचं नाणं. नोट तीच होती का, मला माहीत नाही. नोटांचे नंबर लिहून ठेवायची मला सवय, पण ती नोट मी मुद्दाम लिहून ठेवली नव्हती. सर मात्र भारावून गेले. बघा, म्हणाले, गरीब माणसानं एवढा आहेर केला. नाही म्हणता येईना, घेऊन ठेवता येईना. मी घेऊन ठेवला.

त्या घरात मी कधी नीट राहिले नाही. अंग राहिलं. रात्री पडले की मी डोंगरावरच्या दारातून आत जायची. चूल, पायरी, खिडकी. सगळी मापं पाठ होती, अंदाज माझाच होता ना. भिंत जिथं आहे तिथून मी आजवर एकदाही गेले नाही. सकाळी उठून मी ह्या घरातलं एकेक सामान काढून टाकायला लागले. आधी शोकेस, मग सोफा, मग भांडी. सरांना नवल वाटलं. म्हणाले, आता काहून? मी म्हणाले, झाडायला सोपं पडतं.

सरांचे डोळे जायला लागले त्याला सहा वर्षं झाली. काचबिंदू. कडेकडेनं अंधार येतो आणि मध्ये फट राहते. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, तर हे म्हणाले, म्हणजे खिडकी लहान होत चालली. ज्या माणसानं बघण्यासाठी घर काढलं होतं, त्याच्या डोळ्यांत मी रोज तीनदा थेंब घालते.

चार वर्षांपूर्वी गजाननाच्या हळदीच्या पिकाला पाणी पुरेना. त्यानं काकांना फोन करून उंबरापाशी बोअर घ्यायची परवानगी मागितली. सर म्हणाले, घे, पण उंबर सांभाळ. मशीन आलं, आणि एकशे दहा फुटांवर पाणी लागलं. भरपूर. अजून आहे. गावात हसू झालं. त्या दिशी मामाचा नारळ झोपला व्हता काय, असं लोक मामांना तोंडावर विचारायचे. त्यानंतर त्यांना जमीन चालायला कुणी बोलावलं नाही. त्यांनी माझं नाव घेतलं नाही.

पाणी लागल्याचा गजाननाचा फोन सरांनी ठेवला. मी समोरच भाजी निवडत होते. मग म्हणाले, मामा चुकले. माणूस हाये, चुकतो. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं — किती फुटांवर म्हणाला? मी आकडा सांगितला. फक्त आकडा.

ह्या उन्हाळ्यात मामा गेले. सर म्हणाले, भेटून आलं पाहिजे. मी पिशवी भरली. ओसरी तीच होती. गयामामी, म्हणजे मामांच्या पत्नी, दाराशी बसल्या होत्या. मी नारळ, टोपी आणि उपरणं काढून त्यांच्यापुढं ठेवलं, वर पाचशे एक रुपये. सरांना नीट दिसत नाही, म्हणून त्यांनी हात पुढं केला. शेंडी लागली, टोपी लागली. चित्र काढणारा हात आहे तो, लगेच ओळखतो.

"हा तर पाण्याचा मान. मामांनी न्हाई म्हणलं व्हतं की."

मी म्हणाले, "ते न्हाई माझं होतं. पाचशे रुपये देऊन मी मामांकडून वदवून घेतलं होतं." दोन वाक्यं. सुरुवातीला म्हणाले ती हीच.

गयामामींना धक्का बसला नाही. "म्या चुलीपाशीच व्हते त्या दिशी," त्या म्हणाल्या. "समदं ऐकलं. ते म्हणायचे, उंबराखाली गेलो असतो तर नारळ उभा राहिलाच असता. म्हणून गेलोच न्हाई."

सर खूप वेळ टोपीवरून हात फिरवत बसले. घराबद्दल एक शब्द बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "आन् आमी त्यायला चुकला म्हणलो."

निघताना गयामामींनी पैसे माझ्या मुठीत परत दिले. आहेर फिरवून घेत नसतेत, बाई, म्हणाल्या. बाकीचं ठेवून घेतलं. टोपी आणि उपरणं मामांची पिशवी अडकवायच्या खुंटीला अडकवलं.

जीप पाराजवळ थांबते. तिथं पाच-सहा माणसं बसलेली होती, गजानन होता. सर जीपकडं न जाता काठी टेकत पाराकडं वळले. मला वाटलं नमस्कार करायला. त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं — "रामजीमामाचा नारळ बराबर व्हता. त्यायला उंबराकडं मीच जाऊ दिलं न्हाई."

"काहून, सर?" कुणी तरी विचारलं.

"बोअरची मशीन आली असती तर उंबर तुटला असता. चित्रातला उंबर व्हता तो."

माणसं हसली; त्या रविवारी उंबराचं सरांनीच विचारलं होतं, हे गजाननालाही आठवलं नसावं. चित्रापायी पाणी सोडलं म्हणतेत सरांनी, असं एकजण दुसऱ्याला म्हणाला. दुसरा म्हणाला, मामा बिचारा फुकट बदनाम झाला की मग. सर त्यांच्यासोबत हसले. मी त्यांच्या शेजारी, हातभर अंतरावर होते.

पाचशेचं त्यांना आता माहीत आहे. फक्कीच्या संध्याकाळचं अजून नाही — ते घर मलाही हवं झालं होतं, हे. ते त्यांनी विचारलेलं नाही. हे लिहिलेलं ते वाचू शकत नाहीत. त्यांना पेपर मीच वाचून दाखवते.

शेवटची नोंद. गयामामींना, माझ्याकडून: नारळ एक, टोपी एक, उपरणं एक. रक्कम परत आली. रामजीमामांना त्यांचं नाव. ते सरांनी भरलं, स्वतःच्या नावातून. हजर: पारावरची पाच-सहा माणसं, गजानन, सर आणि मी.

मी काही बोलले नाही.